बिझनेस स्कूलला प्रवेश मिळेल का? अंदाज बांधायची पद्धत, पायरी-पायरीने

"जीमॅट ६७५, अनुभव पाच वर्षं, आयटी. चान्स किती?" एमबीएच्या तयारीत असलेली माणसं स्वतःबद्दल विचारतात ते साधारण एवढंच: जीमॅट ह्या प्रवेश परीक्षेतले गुण, नोकरीची वर्षं आणि क्षेत्र. ह्या तीन तपशिलांवर कुणी "साठ टक्के" असं ठोकून देत असेल, तर ते उंटावरून शेळ्या हाकणं झालं. अगदी ह्याच आकड्यांचे दोन अर्जदार घ्या. एकाला तीन शाळांतून होकार येऊ शकतो आणि दुसऱ्याला एकाही ठिकाणी मुलाखत मिळत नाही, कारण निकाल ज्यावर लागतो ते सगळं ह्या तीन तपशिलांच्या बाहेर राहिलेलं असतं.

अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. लोक आधी शाळांची यादी करतात, मग आपला स्कोअर त्या शाळेच्या सरासरीशी ताडून बघतात आणि तिथेच थांबतात. खालची पद्धत उलटीकडून जाते. आधी स्वतःचे कागद, मग स्कोअर, मग आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत ते, आणि शाळा त्यानंतर. नीट करायचं तर दोन दिवस जातात.

हा लेख पूर्णवेळ एमबीएसाठी आहे, आणि तोही निबंध, शिफारसपत्रं, मुलाखत असं सगळं मागणाऱ्या शाळांसाठी. जिथे निव्वळ प्रवेश परीक्षेच्या गुणांवर यादी लागते, तिथे मागच्या वर्षांचे कटऑफ पाहिले की काम झालं.

## १. आधी एका पानाचा तपशील लिहा

कुठलीही वेबसाइट उघडण्याआधी एक कोरं पान घ्या आणि त्यावर फक्त घडलेल्या गोष्टी लिहा. विशेषणं नकोत.

- शिक्षण: पदवी, विषय, संस्था, वर्ष, आणि गुण मूळ गुणपत्रिकेवर आहेत त्याच मोजपट्टीत. वर्गात तुमचा क्रमांक माहीत असेल तर तोही.
- अनुभव: पदवीनंतरची पूर्णवेळ नोकरी, महिन्यांसकट. आज किती झाला हे एका रकान्यात, आणि वर्ग सुरू होईल त्या दिवशी किती झालेला असेल हे दुसऱ्यात.
- बढत्या: कुठल्या महिन्यात, कोणत्या पदावरून कोणत्या पदावर. तुमच्या कंपनीत हे अंतर कापायला इतरांना साधारण किती वेळ लागतो, हे शेजारी लिहा.
- कामाचा आवाका: हाताखाली किती माणसं, किती रकमेचे निर्णय तुमच्या सहीने होतात, तुमच्या कामामुळे कोणता आकडा कितीने हलला.
- नोकरीबाहेरचं: काय करता, किती वर्षांपासून, तिथे तुमच्यावर जबाबदारी कशाची आहे.
- खड्डे: नापास झालेला विषय, मधलं रिकामं वर्ष, आठ महिन्यांत सोडलेली नोकरी.
- एमबीए कशासाठी: दोन वाक्यांत, नेमकं पद आणि नेमकं क्षेत्र.

इथे होणारी पहिली चूक म्हणजे गुणांचं रूपांतर. टक्केवारी किंवा दहापैकीचा सीजीपीए घेऊन लोक त्याचा चारपैकी जीपीए करतात. इंटरनेटवर सापडेल त्या सूत्राने ३.१ चा ३.६ होतो आणि त्या ३.६ वर पुढचे सगळे इमले चढतात. बऱ्याच शाळा अर्जात गुण मूळ मोजपट्टीवरच द्यायला सांगतात. प्रवेश समितीतली माणसं वर्षानुवर्षं त्याच देशांच्या, त्याच विद्यापीठांच्या गुणपत्रिका वाचत असतात. कुठल्या विद्यापीठात ६८ टक्के म्हणजे डोंगर आणि कुठल्या विद्यापीठात ८५ म्हणजे सपाट जमीन, हे त्यांना ठाऊक असतं. म्हणून वर्गातला क्रमांक रूपांतरित जीपीएपेक्षा जास्त बोलतो.

दुसरी चूक अनुभव मोजण्यात. इंटर्नशिप, पदवीआधीची अर्धवेळ कामं, घरच्या व्यवसायातली "मदत" हे सगळं मिळवून साडेतीनाची पाच वर्षं करू नका. ह्या गोष्टी अर्जात येतात, पण वेगळ्या जागी.

तपासा: हे पान तुमच्या क्षेत्राबाहेरच्या माणसाला द्या. दोन मिनिटांनी पान परत घेऊन विचारा, "मी दिवसभर काय करतो?" त्याला सांगता आलं नाही तर पुढे जाऊ नका, पान पुन्हा लिहा. प्रवेश समितीतला वाचकही तुमच्या क्षेत्राबाहेरचाच असतो.

## २. स्कोअर नीट वाचा

जीमॅटची परीक्षा बदलल्यापासून इथे भलताच घोळ चालू आहे. नवी परीक्षा नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि जुनी जानेवारी २०२४ नंतर बंद झाली. जुन्या परीक्षेत एकूण गुण २०० ते ८०० असायचे, नव्या परीक्षेत २०५ ते ८०५ असतात. दिसायला जवळपास सारखे, पण मोजपट्टी वेगळी. जुन्या ७०० च्या तोडीचा नवा स्कोअर साधारण ६४५ आहे. म्हणजे ६५५ मिळालेला माणूस जुन्या सरासऱ्या बघून हातपाय गाळतो, त्याचं कारण नसतं. उलटंही होतं. जुन्या ७१० वाल्या मित्राच्या प्रवेशावरून कुणी "आपल्याला ७०५ हवेत" असं धरून बसतो आणि परीक्षा चौथ्यांदा देतो.

ओळखायची सोपी खूण आहे. एखाद्याचा स्कोअर ५ ने संपत असेल तर परीक्षा नवी, ० ने संपत असेल तर जुनी. शाळेने छापलेल्या सरासरीला ही खूण लागू पडत नाही, कारण सरासरी कुठल्याही अंकावर संपू शकते. तिथे कोणत्या परीक्षेची सरासरी आहे हे शेजारी लिहिलेलं वाचा. शंका आली तर जीमॅट घेणाऱ्या संस्थेचा तुलनेचा तक्ता उघडा आणि गुणांऐवजी पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले किती परीक्षार्थी तुमच्या मागे आहेत तो आकडा, ताडून बघा.

नव्या परीक्षेत क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी वाचन आणि तर्क) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेख वाचून निष्कर्ष काढणं) असे तीन विभाग आहेत, प्रत्येकी ६० ते ९०, आणि एकूण गुणांत तिन्हींचं वजन सारखं. जुन्या परीक्षेत एकूण गुण फक्त पहिल्या दोनांवर ठरायचे. त्यामुळे "डेटा इनसाइट्स कोण बघतंय" हा सल्ला सरळ नुकसान करतो. विभागवार गुण वाचताना तुमच्या पानावरचा खड्डा शेजारी ठेवा. पदवीत गणित किंवा संख्याशास्त्र कच्चं असेल तर क्वांटने ते भरून निघतंय का? पदवी इंजिनिअरिंगची असेल तर क्वांट चांगलं असणं गृहीतच धरलं जातं, तिथे व्हर्बल डोळ्यांत भरतं.

आता शाळेचा आकडा. सरासरी आणि मीडियन एक नव्हे. मीडियन म्हणजे अर्धा वर्ग त्याच्या वर, अर्धा खाली. त्यापेक्षाही कामाचा आकडा म्हणजे मधल्या ८० टक्के विद्यार्थ्यांचा पल्ला, जो पुष्कळ शाळा आपल्या क्लास प्रोफाइलमध्ये, म्हणजे प्रवेश घेतलेल्या वर्गाच्या छापील माहितीत, देतात. तुम्ही त्या पल्ल्याच्या खालच्या टोकाखाली असाल तर स्कोअर अडसर आहे. पल्ल्याच्या मधोमध असाल तर स्कोअरची गोष्ट संपली. त्यापुढचे दहा-वीस गुण मिळवण्यात घातलेले दोन महिने निबंधाच्या तोंडचे काढून घेतलेले असतात.

जीमॅटऐवजी जीआरई ही दुसरी प्रवेश परीक्षा दिली असेल तर तिचं जीमॅटमध्ये रूपांतर करत बसू नका. शाळा जीआरईचे व्हर्बल आणि क्वांटचे आकडे वेगळे देते, थेट तेच बघा.

सावध: स्कोअर अजून आलेला नसेल तर "मला ६९५ पडतील" असं धरून अंदाज बांधू नका. अधिकृत सराव परीक्षा घड्याळ लावून द्या, शेवटच्या दोन-तीन परीक्षांत जे पडलं ते धरा. परीक्षा पुन्हा द्यायची तर दोन प्रयत्नांत किमान १६ दिवसांचं अंतर लागतं आणि १२ महिन्यांत पाचच प्रयत्न मिळतात, हे शेवटच्या तारखेपासून मागे मोजताना लक्षात ठेवा.

## ३. तुम्ही कोणत्या रांगेत आहात ते शोधा

सगळ्या लेखातली ही पायरी महत्त्वाची, आणि हीच लोक गाळतात.

शाळा पूर्ण वर्गाची सरासरी छापते, पण तुमची निवड पूर्ण वर्गाच्या तुलनेत होत नाही. शाळेला वर्ग बांधायचा असतो. त्यात बँकर हवेत, कंपन्यांना सल्ला देणारे सल्लागार हवेत, सैन्यातून आलेले हवेत, डॉक्टर हवेत, संगीतकारही चालतात. वेगवेगळ्या देशांतले हवेत, स्त्री-पुरुषांचा तोल हवा. त्यामुळे तुमच्या अर्जाची खरी झुंज तुमच्यासारख्या दिसणाऱ्या अर्जांशी असते. तुमच्यासारखे म्हणजे तेच क्षेत्र, त्यातलं तेच काम, तसंच शिक्षण, तोच भूभाग.

रांगेची लांबी अशी काढा. समजा, शाळेचा वर्ग ४०० जणांचा आहे आणि क्लास प्रोफाइलनुसार तंत्रज्ञान क्षेत्रातून आलेले १५ टक्के. म्हणजे ६० जागा. पण त्या ६० मध्ये प्रॉडक्ट मॅनेजर आहेत, विक्रीतले आहेत, डेटाचं काम करणारे आहेत, स्टार्टअप काढलेले आहेत, आणि हे सगळे जगभरातून आलेले. कोड लिहिणारे आणि तुमच्याच भागातले म्हटलं तर उरतात ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ह्या मोजक्या जागांसाठी अर्ज किती आले असतील, ह्याचा विचार करा. ६७५ हा स्कोअर ४०० जणांच्या वर्गात मधोमध असेलही, पण ह्या रांगेत तो कदाचित मागे पडतो, कारण गर्दीच्या रांगेत चांगला स्कोअर सगळ्यांकडेच असतो.

हेच गणित दुसऱ्या बाजूनेही चालतं. शिक्षणसंस्था चालवणारी, खाणीत काम केलेला, सरकारी आरोग्ययोजना राबवलेली अशी माणसं आपल्या स्कोअरकडे बघून स्वतःला उगाच बाद करतात. त्यांची रांग छोटी असते. स्कोअर पल्ल्याच्या खालच्या अंगाला असला तरी चालून जाण्याची शक्यता तिथे जास्त.

रांग ओळखायला आणखी एक उपाय आहे. तुमच्या कंपनीतून किंवा तुमच्यासारख्या कंपनीतून गेल्या तीन-चार वर्षांत त्या शाळेत कोण गेलं, हे व्यावसायिक नेटवर्कवरच्या उघड्या प्रोफाइलवरून शोधा. किती वर्षांच्या अनुभवावर गेले? जाताना पद काय होतं? एकही सापडत नसेल तर त्याचे दोन अर्थ होतात. एकतर तिथून कुणी अर्जच केला नाही, किंवा केले आणि जमलं नाही. कंपनीतल्या जुन्या माणसांना विचारल्याशिवाय कुठला अर्थ खरा ते कळत नाही.

आणि हे करताना एक भान ठेवा. तुम्हाला दिसतात ते आत गेलेले लोक. तोच स्कोअर, तेच पद, तीच कंपनी असून नाकारले गेलेले कुठेच दिसत नाहीत. "माझ्यासारखाच एक जण गेला" हा पुरावा आहे, पण पातळ.

तपासा: "मी अमुक क्षेत्रातला, अमुक काम करणारा, अमुक भागातला" ह्या वाक्यात तुमच्याऐवजी शेजारच्या टेबलावरचा सहकारी बसवला तर वाक्य तसंच राहतं का? राहत असेल तर रांग लांब आहे. मग पुढची पायरी जास्त काळजीने करा.

## ४. कामाचं वजन तोला

अनुभवाची वर्षं मोजणं सोपं, म्हणून सगळे तेच मोजतात. समिती बघते ती चढण. चार वर्षांत दोनदा जबाबदारी वाढलेला माणूस सात वर्षं एकाच पातळीवर असलेल्यापेक्षा पुढे असतो, मग दुसऱ्याच्या कंपनीचं नाव कितीही मोठं असो. निवडक दोन वर्षांच्या कार्यक्रमांत अनुभवाची सरासरी पाचच्या आसपास असते. युरोपातल्या इन्सियाडसारख्या दहा महिन्यांच्या आणि आयएमडीसारख्या एका वर्षाच्या कार्यक्रमांत विद्यार्थी थोडे मोठे असतात. दहा वर्षं झाली असतील तर पूर्णवेळ एमबीएपेक्षा एक्झिक्युटिव्ह एमबीए किंवा स्लोन फेलोजसारखे, अनुभवी माणसांसाठीचे कार्यक्रम आधी बघा. दोनच वर्षं झाली असतील तर वाट बघण्यात तोटा नाही.

वजन तोलायला पानावरच्या प्रत्येक कामाबद्दल मी एकच प्रश्न वापरतो: तुम्ही त्या खुर्चीत नसता तर काय वेगळं झालं असतं? उत्तर "दुसऱ्या कुणीतरी केलं असतं" असं येत असेल तर ती कामाची ओळ रिझ्युमेवर राहू द्या, पण अंदाज बांधताना तिचे गुण शून्य धरा. उत्तर "ते काम सुरूच झालं नसतं" किंवा "ग्राहक सुटला असता" असं असेल तर तिथे वजन आहे. अशा किमान तीन गोष्टी निघायला हव्यात, आणि त्यातली एक तरी अशी हवी की जिथे पदाने अधिकार नसताना तुम्ही लोकांना बरोबर घेतलंत. माणसं हाताखाली नसणं ही अडचण नाही. बरेच अर्जदार विश्लेषक किंवा इंजिनिअर असतात, त्यांच्या हाताखाली कुणी नसतंच.

"टीमने केलं" ही वाक्यरचना इथे घात करते. आपल्याकडे मी-मी करणं बरं दिसत नाही, म्हणून लोक सगळं श्रेय टीमला देतात आणि अर्जात त्यांचा स्वतःचा हात कुठे दिसतच नाही. उलट काही जण पन्नास माणसांच्या प्रकल्पाचं पूर्ण श्रेय घेतात. शिफारसपत्रात साहेबांनी वेगळंच लिहिलं की दोन्ही उघडं पडतं.

म्हणून शिफारसपत्र देणारा कोण, हे अंदाजाच्या वेळीच ठरवा. तुमचं काम रोज बघणारा थेट वरिष्ठ वेळ काढून, उदाहरणं देऊन लिहील का? कंपनीच्या संचालकाने दिलेलं गुळमुळीत पत्र त्यापुढे फिकं पडतं. थेट वरिष्ठाला सांगणं शक्य नसेल, आणि पुष्कळदा नसतंच, तर पूर्वीचा वरिष्ठ किंवा काम जवळून पाहिलेला ग्राहक चालतो. मात्र तसं का केलं, हे अर्जात एका ओळीत लिहावं लागतं. एकही माणूस डोळ्यांसमोर येत नसेल तर तुमच्या शक्यतेतला तो मोठा खड्डा आहे, ६७५ चे ७०५ करून तो बुजत नाही.

नोकरीबाहेरच्या कामाबद्दल थोडक्यात: अर्जाच्या चार महिने आधी सुरू केलेली समाजसेवा म्हणजे वरातीमागून घोडं. ती मोजू नका. सहा वर्षं चालवलेला नाट्यगट किंवा पोहण्याचा क्लब मोजा.

## ५. तुमचं ध्येय शाळेला पटेल का

शाळेला दुहेरी धास्ती असते. हा विद्यार्थी वर्गात टिकेल का, आणि बाहेर पडल्यावर ह्याला नोकरी लागेल का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या एम्प्लॉयमेंट रिपोर्टमध्ये, म्हणजे कुणाला कुठे नोकरी लागली ह्याच्या अहवालात, येणार असतं, त्यामुळे न पटणाऱ्या ध्येयाची त्यांना भीती वाटते.

तुमची दोन वाक्यं काढा आणि किती गोष्टी बदलताय ते मोजा: क्षेत्र, कामाचा प्रकार, देश. एक बदल सगळ्यांनाच पटतो. दोन बदल पटवता येतात, पण आधीच्या कामातला दुवा दाखवावा लागतो. तिन्ही एकदम बदलायचे असतील तर समिती भुवया उंचावते, आणि दुवा फारच पक्का नसेल तर तुमचा अंदाज एक गठ्ठा खाली आणा (गठ्ठे सातव्या पायरीत येतात).

मग शाळेचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट उघडा. तुम्हाला जायचंय त्या क्षेत्रात तिथून किती जण गेले? ज्या देशात नोकरी हवी, तिथे त्या शाळेतून लोक लागतात का? शून्य किंवा एक दिसत असेल तर ते ध्येय त्या शाळेसाठी कमकुवत आहे, कितीही मनापासून असलं तरी.

सावध: "मला सल्लागार व्हायचंय" हे ध्येय सुरक्षित वाटतं म्हणून उसनं घेऊ नका. मुलाखतीत "कुठल्या प्रकारचे प्रश्न सोडवायचेत?" एवढं विचारलं की ते उघडं पडतं.

## ६. आता शाळा, एकेक करून

इतक्या उशिरा शाळांकडे आलो, कारण आता त्यांचे आकडे वाचता येतील.

पहिला गैरसमज प्रवेशाच्या टक्क्याचा. हार्वर्डला २०२४ मध्ये सुरू झालेल्या वर्गासाठी ९,८५६ अर्ज आले आणि वर्गात ९३० जण बसले. स्टॅनफर्डला ७,२९५ अर्ज आले आणि ४२४ बसले. ह्यावरून लोक सरळ भागाकार करून साडेनऊ आणि पावणेसहा टक्के असं सांगतात. पण हे बसलेल्यांचे आकडे आहेत. होकार ह्याहून जास्त जणांना जातो, कारण होकार मिळालेले सगळेच येत नाहीत. जिथे पुष्कळ जण दुसरीकडे निघून जातात, अशा शाळांत हा फरक फार मोठा होतो. प्रवेशाचा टक्का हवा असेल तर होकारांचा आकडा शोधा. आणि तो मिळाला तरी तो पूर्ण गर्दीचा टक्का असतो, तुमच्या रांगेचा नव्हे.

दुसरं, शाळा काय मागते ह्यावरून ती काय बघते हे कळतं. एमआयटी स्लोन लांबलचक निबंधाऐवजी कव्हर लेटर मागते आणि सोबत तुमच्या कंपनीतल्या रचनेचा आराखडा मागते, ज्यात तुम्ही कुठे आहात ते दाखवायचं. म्हणजे कामातला प्रत्यक्ष परिणाम त्यांना मोजायचाय. व्हार्टन ही शाळा उमेदवारांना गटचर्चेत बसवते. दुसऱ्याचं ऐकून चर्चा पुढे नेणारा तिथे उजवा ठरतो. स्टॅनफर्डचा गाजलेला निबंध, तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय आणि का, हा करिअरबद्दल नाहीच. ज्याचं सगळं बळ आकड्यांत आहे आणि स्वतःबद्दल लिहिताना ज्याची लेखणी अडते, त्याने तिथली शक्यता कमी धरावी.

प्रत्येक शाळेसाठी पाच ओळी पुरतात: मधल्या ८० टक्क्यांत माझा स्कोअर कुठे, माझी रांग किती लांब, माझ्या ध्येयाचे लोक तिथून बाहेर पडतात का, अर्जातलं माझं बळ तिथे उठून दिसेल का, आणि माझ्यासारखं कुणी अलीकडे गेलंय का.

## ७. टक्के सोडा, तीन गठ्ठे करा

"३५ टक्के" लिहिलं की अचूक वाटतं, पण त्या ३५ आणि ४५ मधला फरक कुणालाच दाखवता येत नाही. त्याऐवजी शाळांचे गठ्ठे करा.

हात लांबवायच्या: पाचपैकी दोन ओळी अनुकूल. नकार आला तर आश्चर्य वाटू नये.
तोडीच्या: तीन किंवा चार ओळी अनुकूल, आणि ध्येयाची ओळ त्यात हवीच.
भरवशाच्या: पाचही अनुकूल, आणि होकार आला तर तुम्ही खरोखर जाल.

एकच ओळ अनुकूल असेल तर शाळा यादीतून काढा.

शेवटच्या गठ्ठ्यातली अट लोक हमखास मोडतात. नुसता "बॅकअप" म्हणून शाळा टाकतात, होकार आला की जात नाहीत, आणि निबंधाचे दोन आठवडे वाया जातात.

एक उदाहरण बघू. रासायनिक कारखान्यात उत्पादन विभागातला इंजिनिअर. वर्ग सुरू होताना सहा वर्षं, दोन बढत्या, पाळीत १४ कामगारांची जबाबदारी. जीमॅट ६३५, क्वांट भक्कम, व्हर्बल बेताचं. पदवीचे गुण मध्यम. ध्येय: उत्पादन कंपनीत ऑपरेशन्सचं नेतृत्व. नुसत्या स्कोअरवर लोक ह्याला वरच्या सगळ्या शाळांतून बाद करतील. पण रांग लांब नाही, हाताखाली खरी माणसं आहेत, ध्येयात बदल जेमतेम एक. म्हणून ऑपरेशन्समध्ये जोर असलेल्या शाळा ह्याच्यासाठी एक गठ्ठा वर सरकतात. एमआयटीचा एलजीओ कार्यक्रम, जिथे एमबीएसोबत इंजिनिअरिंगची पदव्युत्तर पदवी मिळते, तो हात लांबवायच्या गठ्ठ्यात येतो. ह्याच माणसाने ध्येय "गुंतवणूक बँकिंग" असं लिहिलं तर कागदावरचा एकही आकडा न बदलता सगळी यादी खाली घसरते.

आता यादीच्या लांबीबद्दल. एक हिशेब फार फिरतो: प्रत्येक शाळेत पाचात एक शक्यता धरली आणि पाच शाळांना अर्ज केला, तर किमान एक होकार येण्याची शक्यता ६७ टक्के. गणित बरोबर आहे, पण ते फाशांचं गणित आहे. फाशांचे डाव एकमेकांवर अवलंबून नसतात, तुमचे पाच अर्ज असतात. निबंध तोच माणूस लिहितो, शिफारस तोच साहेब करतो, ध्येय तेच असतं. त्यातलं एक जरी कच्चं असेल तर ते पाचही ठिकाणी कच्चंच असतं. म्हणून हात लांबवायच्या आठ शाळा जमवून शक्यता वाढत नाही. वेगवेगळ्या गठ्ठ्यांतल्या पाच-सहा शाळा, प्रत्येकीला पुरेसा वेळ देऊन, ह्याने वाढते.

## ८. कोणता राउंड, कोणतं वर्ष

शाळा अर्ज टप्प्याटप्प्याने घेतात, त्या टप्प्यांना राउंड म्हणतात. अमेरिकी शाळांत पहिला राउंड साधारण सप्टेंबरात, दुसरा जानेवारीच्या सुरुवातीला आणि तिसरा मार्च-एप्रिलमध्ये. हार्वर्डने नेहमीच्या अर्जांसाठी गेली काही वर्षं दोनच राउंड ठेवलेत. पहिल्या दोहोंत मोठा फरक धरू नका. पण तिसऱ्यापर्यंत बहुतेक जागा भरलेल्या असतात, तेव्हा गर्दीच्या रांगेतल्याने तिसऱ्यासाठी अंदाज सरळ एक गठ्ठा खाली आणावा.

मग प्रश्न येतो थांबायचं का. पुढच्या बारा महिन्यांत पानावरची कोणती ओळ बदलणार आहे, ती बोट ठेवून दाखवा. बढती ठरल्यात जमा आहे, नवा प्रकल्प हातात येतोय, परीक्षा सराव परीक्षांपेक्षा खूप खाली गेली होती: ही थांबायची कारणं झाली. "पुढच्या वर्षी जास्त चांगली तयारी करेन" ह्याला ओळ सापडत नाही, तेव्हा थांबू नका.

## ९. दुसऱ्याला विचारायचं तर असं विचारा

"चान्स किती" विचारलंत तर समोरचा माणूस स्वभावाप्रमाणे गोड किंवा कडू बोलेल. त्याऐवजी एका पानाचा तपशील द्या आणि विचारा, "हे वाचून नाकारायचं झालं तर कोणत्या कारणाने नाकाराल?" तीन जणांनी एकच कारण सांगितलं तर ते खरं आहे. सल्लागार पैसे घेऊन अर्ज लिहायला मदत करत असेल तर त्याचा अंदाज त्याच्या धंद्याशी बांधलेला असतो, हेही ध्यानात असू द्या.

## १०. निकाल येऊ लागले की अंदाज बदला

निवडक अर्जदारांनाच मुलाखतीला बोलावणाऱ्या शाळांत बोलावणं आलं म्हणजे कागदांनी काम केलं, शक्यता बरीच वर गेली. जवळपास सगळ्याच अर्जदारांना मुलाखत देणाऱ्या शाळेत बोलावण्यावरून काहीच समजू नये. वेटलिस्टला टाकलं तर ती शाळा नवी माहिती घेते की नाही हे आधी वाचा. घेत असेल तर पानावर खरोखर बदललेली ओळ कळवा, नुसती "मी अजून उत्सुक आहे" अशी पत्रं नकोत.

सगळीकडून मुलाखतीशिवाय नकार आले तर दोष रांगेत, ध्येयात किंवा निबंधात शोधायचा, मुलाखतीच्या तयारीवर खर्च करायचा नाही. मुलाखती होऊन नकार आले तर कागद ठीक आहेत. मुलाखतीत काय विचारलं आणि काय बोललात, हे त्याच संध्याकाळी लिहून ठेवलेलं असेल तर आता कामाला येईल. पुन्हा अर्ज करणाऱ्याला शाळा गेल्या वेळेपासून काय बदललं हे विचारते, कित्येक शाळांत त्यासाठी वेगळा निबंधच असतो. तेव्हा पहिल्या पायरीतलं ते पान तारीख घालून जपून ठेवा, आणि नव्या अर्जाआधी दुसरं लिहून दोन्ही शेजारी मांडा.